थोरली-धाकटीची शेगडी

वडवणी,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. दिपालीस,

तुझ्या थोरल्या जावेचा पोटभर आशीर्वाद. इकडं सगळे बरे आहेत. तिकडं बीडला तू, सायली आणि अमर भावजी बरे असाल असं धरून चालते. विचारत नाही, कारण मी विचारलेलं तुला रुचणार नाही.

फोन करून बघितला. माझा नंबर तू बंद करून टाकलायस. मग म्हणलं लिहावं. दहावीच्या परीक्षेनंतर एवढं लिहायला आत्ताच बसलेय, अक्षराला हसू नको.

तर बातमी अशी की नवं घर झालं आणि त्यात शेगडी आली. शेगडी म्हणू नये म्हणे, रेंज म्हणायचं. सहा बर्नर, खाली भट्टीसारखा ओव्हन, त्याला काचेचं दार, आत दिवा. केक करायचा असेल तर. इथं मेला केक कोण खातंय!

ती घ्यायला आम्ही संभाजीनगरला गेलतो. आमच्या ह्यांचं तुला माहीत आहे. दारातूनच ओरडले, "सगळ्यात भारी कोणती? किंमत सांगू नका, नुसतं बोट दाखवा." माजलगावच्या पाहुण्यांकडं चार बर्नरची आहे ना, तेव्हा आपल्याकडं सहाची पाहिजे. एवढाच ह्यांचा हिशोब.

मी मात्र घरून आपला बिडाचा तवा पिशवीत घालून नेलता. एकेका शेगडीवर ठेवून बघत होते. हलतो का, जाळ कडेपर्यंत पोचतो का, भाकरी तव्यावरून उतरवून जाळावर धरली तर फुगेल का. हे म्हणाले, "शेगडी घ्यायला आलीस का म्हैस?" म्हणलं, म्हैस तरी दोन वर्षांनी बदलता येते.

शोरूमातल्या पोरीनं विचारलं, "घरात माणसं किती, मॅडम?"

मी सवयीनं म्हणून गेले, "सहा."

हे म्हणाले, "तीन."

ती पोरगी एकदा माझ्याकडं बघे, एकदा ह्यांच्याकडं. मग मी तिला हाताला धरून माझ्या डाव्या अंगाला उभी केली. म्हणलं, दोन्ही हातांनी भाकरी थापल्यासारखं कर. "मी भाकरी करत नाही, मॅडम." अगं बाई, नुसतं कर! केलं बिचारीनं. चार बर्नरच्या शेगडीवर आमची कोपरं एकमेकींना लागली. सहाच्या शेगडीवर लागली नाहीत. तेव्हा मी म्हणलं, हीच द्या. हे फोन आल्याचं सोंग करून बाहेर निघून गेले होते.

येताना हे नेहमी बायपासनं येतात. त्या दिवशी बीड गावातून गाडी घेतली. कावून, ते मी विचारलं नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी मी काच खाली केली. गाडी थांबली नाही. गाव मागं पडल्यावर हे म्हणाले, "ती येनार न्हाई." मी म्हणलं, कोण? म्हणाले, "तुला म्हाईत हाय."

वास्तुशांत २३ तारखेला आहे. पत्रिका छापल्या. तुमच्या नावाची एक मागितली तर म्हणाले, "कंच्या तोंडानं द्यायची?" म्हणून ही माझ्या हातची पत्रिका समज.

आपल्या घरातली रीत तू विसरली नसशील. नवी चूल थोरली-धाकटीनं मिळून पेटवायची, एका काडीला दोघींचा हात. एकटीनं पेटवली तर ती चूल अर्धीच पेटते, असं सासूबाई म्हणायच्या. तू लग्न होऊन आलीस तेव्हा हळदीच्या हातानं माझ्यासंगं काडी धरलीस. पहिल्या तीन काड्या मोडून वाया गेल्या आणि सासूबाई म्हणाल्या, ही धाकटी आगपेटीलाच दिवाळखोर करणार.

ह्या शेगडीला काडी लागत नाही. बटण दाबून फिरवलं की टकटक करते नि पेटते. पण बटणावर दोन हात मावतात, मी बघितलंय.

आणखी एक. ओटा मी तुझ्या उंचीचा करून घेतलाय. जुन्या ओट्यापुढं वाकून वाकून तुझी कंबर धरायची. गवंडी म्हणाला, "काकू, तुमाला लई उंच हुईल." मी म्हणलं, तू तुझं काम कर.

इलेक्शनच्या दिवशी जे झालं ते इथं लिहीत नाही. भावजींना धूर सोसत नाही आता, असं कानावर आलं. ह्या शेगडीला धूर अजिबात नाही.

जेवू नकोस. पाणीसुद्धा पिऊ नकोस. नुसता हात लावून जा.

वाट बघणारी,
अक्का



वडवणी,
दि. ४ मार्च २०२५

दिपाली,

पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमननं लिहिलंय, 'घेण्यास नकार'. मी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं, कुठून फोडून परत चिकटवलंय का. नाही. उघडलंसुद्धा नाहीस. तुझं काही चुकलं नाही. मी असते तर चुलीत घातलं असतं.

हेही परत येणार. म्हणून आज सरळ लिहिते.

वास्तुशांतीला आख्खा तालुका लोटला. सगळ्या बाया शेगडीभोवती. मी तुझी डावीकडची जागा धरून उभी होते. कुणी तिथं आली की म्हणायची, जरा सरका, माणूस यायचंय. भटजी म्हणाले मुहूर्त टळतोय. तेव्हा ह्यांनी हाक मारली, "शिवशंकर, आईच्या हाताला हात लाव."

तो आला आणि तुझ्या जागेवर उभा राहिला. बटणावर माझा हात होता, त्यावर त्यानं त्याचा ठेवला.

दिपाली, मला तो हात सोसला नाही. पोटचा पोरगा आहे. तो झाला तेव्हा मला टायफॉइड झाला होता आणि तू नवी नवरी, तू त्याला वाटीचमच्यानं दूध पाजून वाढवलास. 'काकी'च्या हातचा घास असल्याशिवाय जेवायचा नाही. दोन भाऊ दोन पॅनलमध्ये गेले, दारात माणसं जमली, शिव्या सुरू झाल्या, आणि त्यानं गच्चीवरून दगड मारला. त्याच हातानं. म्हणतो, काकांना मारला नव्हता, गर्दीवर मारला होता. गर्दीत कोण उभं होतं, आंधळा होतास का रे? असं मी तेव्हाच बोलून गेले, आणि तिकडं दवाखान्यात त्याच दगडानं भावजींचा डोळा गेलेला होता.

मी माझा हात काढून घेतला. शेगडी त्याच्या एकट्याच्या हातानं पेटली. दूध उतू गेलं, बायांनी टाळ्या वाजवल्या. तो माझ्याकडं बघत राहिला, मी दुधाकडं. त्यानंतर तो घरात जेवत नाही. रात्री उशिरा येतो, पहाटे जातो. ह्यांनी विचारायचं सोडलंय.

म्हणजे तुझं इथलं घर गेलं ते गेलंच, आता माझंही जातंय. तू परत यावंस म्हणून एवढा पसारा मांडला, आणि त्या पसाऱ्यापुढं उभी राहून मी पोराचा हात झिडकारला. काय करू? तू असतीस तर तुला विचारलं असतं.

शेगडीवर स्वयंपाक होत नाही. तीन माणसांना सहा जाळ कशाला लागतात? बाई येते, एका कडेला दोन भाज्या करते. भाकऱ्या मी करते, पण फुगत नाहीत. पीठ तेच, तवा तोच.

ओटा माझ्या छातीला येतो. गवंड्याला बोलावून विचारलं, खाली घेता येईल का. म्हणाला, "काकू, आता न्हाई हुत, ग्रॅनाइट फुटंल."

राहू दे म्हणलं. देवघरातला पाट आणलाय. त्यावर चढून भाकरी थापते. मधे उभी राहिले तर सोपं पडेल, पण पाट उजवीकडंच ठेवते.

तुझी राहिलेली नाही, तरी तुझीच,
अक्का