न केलेला अर्ज

१७ जुलै, गुरुवार

तीन महिने वहीला हात लावला नाही, चुकलंच.

आज संध्याकाळी आमचा गुलमोहर शेजारच्या अण्णांच्या गोठ्यावर पडला. पत्रे चेपले. म्हैस गिऱ्हाइकांसमोर धार काढून द्यायला चौकातल्या दुधाच्या कट्ट्यावर नेली होती, म्हणून वाचली.

झाड कललंय, हे अण्णांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. तोडायच्या परवानगीसाठी महापालिकेत अर्ज दिलाय, असं मी त्यांना म्हणाले. दिला नव्हता. फुलं संपेपर्यंत थांबायचं होतं, की नुसता आळस? दोन्ही असेल.

आज फांद्या तोडायला तेच कोयता घेऊन आले. "वैनी, तुमचं काय चुकलं न्हाई. तुम्ही अर्ज दिलतासा की! सकाळी म्हापालिकेत जाऊन तिथल्या सायबालाच इचारतो, म्हस मेल्यावर येणार हुतास व्हय रं?"

मी फांद्या ओढत राहिले. म्हैस गोठ्यात असती तर? तरीही गप्पच बसले असते का? आणि ज्याच्यापर्यंत अर्ज पोचलाच नाही, तो माणूस माझ्यापायी शिव्या खाणार.

उद्या: अण्णा महापालिकेत जायला निघण्याआधी त्यांना गाठून खरं सांगणे.