उन्हात घातलेली खोकी

प्रिय समिधा,

जिंकलो गं! आधी हे वाच, मग बाकीचं. खालापूरच्या त्या काचेच्या दिव्यांच्या कारखान्याने थर्माकोल बंद करून आपली खोकी घ्यायचं ठरवलंय. आपली म्हणजे तुझी-माझी, भाताच्या पेंढ्यात अळिंबी वाढवून केलेली. पाडव्याच्या सुमारास तीच मऊ पडून परत आली, तेव्हा तू हात जोडलेस आणि पुण्याची नोकरी धरलीस. या वेळीही परत आली असती, तर बाबा आपली शेड गोठ्यासाठी घेणार होते.

आता गंमत ऐक. उन्हात तडकतील म्हणून आपण खोकी सावलीतच जपायचो ना? परवा मी खालापूरला गेले होते. इकडे आई पेंढा काढायला शेडमध्ये शिरली आणि खोक्यांवरची अळिंबीची पांढरी लव बघून हबकली. तिला वाटलं, बुरा आला. मग काय, कडधान्याला करते तेच केलं. सगळी खोकी अंगणात, टळटळीत उन्हात, वर उलटीपालटी करत बसली! मी दहिवलीला घरी पोचले तर बाई घाम पुसत म्हणते, "आगं, समदं बुरसाटलं हुतं. मी हाय म्हनून वाचलं!" मी तिला नको नको ते बोलले. रागाने एक खोकं आपटलं, तर ते लाकडासारखं ठक्कन वाजलं. जपून जपून आपणच ती मऊ ठेवत होतो!

दुसऱ्या दिवशी तीच घेऊन कारखान्यात गेले. खरेदीच्या साहेबांनी आत दिवा ठेवून खोकं जिन्यावरून खाली सोडलं. दिवा शाबूत! मग ते गृहस्थ खोक्यावर चढून उभे राहिले, ढेरीसकट. तरी खोकं जसंच्या तसं. मला तर तिथेच फुगडी घालावीशी वाटली. आई आता गावभर सांगत फिरतेय, की बुरा तिनेच घालवला. फिरू दे.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण कामाचा विषय काढला की तू 'जेवलीस का' विचारतेस, म्हणून लिहितेय. साहेबांनी विचारलं, दिवा इतका नेमका बसतो, साचा कुणी कोरला? मी तुझं नाव सांगितलं. तू साचे फेकून दे म्हणाली होतीस, मी नाही फेकले. आता मोठ्या दिव्यासाठी नवा साचा हवाय आणि माझ्या हाताला ते जमत नाही. तू हरली नव्हतीस गं, समिधा. तुझी फार आठवण येते, एवढं जिंकूनही शेडमध्ये एकटीला हसू येत नाही. साचा करणारी येतेय, असं मी साहेबांना सांगून बसलेय. मला तोंडघशी पाडू नकोस.

तुझीच, वाट बघणारी,
संजना