दारातून न निघणारी टाकी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, बसच्या बॉडी दुरुस्त करणारा कारागीर, सध्या निवृत्त, लिहून ठेवतो की माझी फुप्फुसे कामातून गेली असली तरी डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दिला असून सोबत जोडला आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी दमदाटी केलेली नाही की भरीस घातलेले नाही. उलट हे लिहू नये म्हणूनच जवळच्यांनी बराच जोर लावला. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे मुलीच्या नावे होते आणि मुलाची काळजी “ती घेईल” एवढ्या दोन शब्दांत उरकली होती. तेव्हा मला मरण लांब वाटत होते.

कलम १. कुटुंब. माझी पत्नी हयात नाही. मला दोन अपत्ये. थोरली मुलगी नोकरी करते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर राहते. धाकटा मुलगा, वय छत्तीस, माझ्याजवळ असतो. तो बोलत नाही. तीन वर्षांचा झाला तरी शब्द फुटेना, तेव्हा त्याच्या आईने हसण्यावारी नेऊन त्याला गप्पू म्हणायला सुरुवात केली. हसू पुढे आटले, नाव राहिले.

गप्पू हाताने जेवतो, पण ताट समोर ठेवावे लागते. दाढी मी करतो. रस्त्यावर गाडी अंगावर येत असली तरी त्याला कळत नाही. अनोळखी माणूस घरात शिरला की ओरडतो, आणि फार झाले की कपाळ भिंतीवर आपटतो. ही तक्रार नव्हे. ज्याच्या हाती हा कागद पडेल त्याला माझा मुलगा कसा आहे हे माझ्याकडूनच कळावे.

कलम २. घर व टाकी. राहते घर तळमजल्याचे, तीन खोल्यांचे, माझ्या एकट्याच्या मालकीचे असून त्यावर बोजा नाही. पुढच्या खोलीत भिंतीच्या लांबीची माशांची टाकी आहे. ती घराचाच भाग धरावी, कारण ती दारातून निघत नाही. खिडकीतूनही नाही. ती खोलीतच बांधली आहे. बाहेर काढायची तर भिंत पाडावी लागेल किंवा टाकी कापावी लागेल. भरलेली ती माल लादलेल्या गाडीइतकी जड आहे, म्हणून मुलीच्या चौथ्या मजल्यावर तशी दुसरी बांधताही येणार नाही. आम्ही विचारून पाहिले आहे.

एवढी मोठी टाकी का, असे लोक विचारतात, म्हणून सांगतो. गप्पू एकदा घरातून निसटला. आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. सापडला तो दाताच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकापाशी, माशांच्या छोट्या पेटीला गाल लावून. तिथली मुलगी म्हणाली, “सकाळपासून बसलाय. कुणाला त्रास नाही, म्हणून आम्ही काही बोललो नाही.” त्याला एका जागी इतका वेळ शांत बसलेला मी तोवर पाहिलेला नव्हता. त्याच आठवड्यात काचेची टाकी आणली. घरात शांतता आली. माझी बायको दुपारची झोपू लागली.

मग शेजारी कोणी भिंतीला ड्रिल लावले. गप्पूने समोर होते त्यावर कपाळ आपटले, म्हणजे काचेवर. भुवई फाटली, पाणी घरभर झाले, आणि रक्ताने डोळा भरलेला असताना तो लादीवरचे मासे उचलून शर्टाच्या खिशात ठेवत होता. त्यानंतर तो रिकाम्या स्टँडसमोर बसून राहिला आणि घास तोंडात घेईना. तेव्हा बायको म्हणाली, “बसच्या नाकाडाला तुम्ही फायबर चढवता, ते फुटत नाही. मग याच्यासाठी तसलंच काहीतरी करा की!”

केले. पाण्यात न फुगणाऱ्या मरीन प्लायचे दोन थर चिकटवून स्क्रूने आवळले. आतले कोपरे पेस्ट भरून गोल केले, कारण फायबरला काटकोन मानवत नाही. कोनाच्या पोटात हवा राहते आणि त्या हवेतूनच पुढे पाणी वाट काढते. मग मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे थर, रेझिनमध्ये भिजवून. पांढरी मॅट रेझिन पिऊन पारदर्शक होते. जिथे पांढरे राहिले तिथे हवा समजावी आणि रोलर फिरवत राहावे. पुढच्या बाजूला काच नाही, जाड अॅक्रिलिक आहे. ते आतून बसवले आहे, त्यामुळे पाणीच त्याला चौकटीत दाबून धरते. आता कपाळ आपटले तर धप्प असा आवाज होतो, बस्स.

रेझिनच्या वासात गप्पूला ठेवणे शक्य नव्हते. वास उडून टाकी धुऊन होईपर्यंत बायको त्याला घेऊन मुलीकडे राहिली आणि मुलीने स्वतःची झोपायची खोली त्यांना दिली. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणी तिला दगडाच्या काळजाची म्हणू नये, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

मी वेडा नाही. टाकीसाठी मुलगा नाही, मुलासाठी टाकी आहे. तो त्यातल्या गोल्डफिशसमोर दिवस काढतो आणि म्हणून रात्री झोपतो. दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

कलम ३. संस्थेबाबत. गेल्या उन्हाळ्यात माझा श्वास अडकला आणि मला रुग्णालयात नेले. मुलीने गप्पूला एका निवासी संस्थेत ठेवले. दुसरा मार्ग नव्हता. संस्था वाईट नव्हती. बाग होती, भिंतींवर चित्रे होती. चौथ्या दिवशी मी मुलीला विचारले, “जेवतो ना गं?” ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी नाकातली नळी काढली, स्वतःच्या जबाबदारीवर जात असल्याच्या कागदावर सही केली आणि रिक्षाने तिथे गेलो.

तो खुर्चीत बसला होता. दोन्ही मनगटे मऊ फडक्याने खुर्चीला बांधली होती. तिथला सेवक चांगला माणूस होता. म्हणाला, “काका, सारखं कपाळ आपटतो. आम्ही पाच जण, ही माणसं साठ. तुम्हीच सांगा, काय करायचं?” मी फडकी सोडली आणि त्याला घरी आणले. त्या सेवकाच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण माझ्या पश्चात गप्पूला अशा कोणत्याही ठिकाणी कायमचे ठेवू नये, ही माझी इच्छा नसून आज्ञा आहे. मेलेल्या माणसाची आज्ञा कोण पाळतो, हे मला माहीत आहे. म्हणून पुढची कलमे.

कलम ४. मुलगी. माझ्या मागे भावाला सांभाळशील का, असे मी तिला तीनदा विचारले. दोनदा तिने विषय बदलला. तिसऱ्या वेळी म्हणाली, “बाबा, मी कळायला लागल्यापासून मोठीच आहे. शाळेतून आले की आधी गप्पू, मग दप्तर. माझा संसार मोडला, त्यातही निम्मा हाच होता. मला एकदा तरी कुणाचीच ताई नसायचंय.” मी तिला बोल लावत नाही, कोणीही लावू नये. आईचे दागिने व कपाट तिचे. तिने ते लगेच न्यावेत.

कलम ५. अवजारे व किरकोळ वस्तू. ग्राइंडर, रोलर आणि उरलेले रेझिनचे सामान पुढच्या कलमातल्या इसमास. माझा धुळीचा मास्क कारखान्याच्या निवृत्त फोरमनसाहेबांना घरपोच द्यावा. फायबर घासताना आम्ही मास्क मागितले, तेव्हा ते म्हणाले होते, “मास्क कशाला रे, तू काय ऑपरेशन करतोस?” मास्क मी पदरमोड करून घेतला, पण उशिरा. त्यांना तो द्यावा आणि दुसरे काही बोलू नये.

कलम ६. माझा पूर्वीचा जावई. सामान पोचवणारी गाडी चालवतो. या माणसाबद्दल माझे मत चांगले नव्हते. टाकी बांधताना तो मदतीला होता; एका कोपऱ्यावर रोलर फिरवायला सांगितले तर फोनवर गप्पा मारत उभा राहिला. पुढे दारू, सुटलेल्या नोकऱ्या, मुलीचे रडणे आणि घटस्फोट. घटस्फोट मीच लावून धरला. त्याने पुन्हा उंबरा ओलांडू नये, असे मी चार लोकांत बोललो होतो.

पुढे बायको गेली. मग तो कोपरा पाझरू लागला. मला ग्राइंडर पेलवेना. दोन कारागीर येऊन गेले. गप्पूने घर डोक्यावर घेतले आणि ते दारातूनच परतले. कसे कळले कोण जाणे, एका रविवारी जावई येऊन उभा राहिला. लग्न टिकले तोवर तो मला बाबा म्हणे. आता काय म्हणावे ते त्याला सुचेना, म्हणून “अहो” वर आला, जशा जुन्या बायका नवऱ्याला म्हणत. म्हणाला, “अहो, तो कोपरा माझाच होता ना?” मासे त्याने पिंपात काढले. कोपरा घासून नवी मॅट बसवली. गप्पू ओरडला नाही. पिंपाला गाल लावून बसला. तेव्हापासून हा माणूस दर रविवारी पाणी बदलायला येतो. हल्ली गप्पूची नखेही कापतो. मी सांगितलेले नव्हते.

नात्यातल्या सगळ्यांनी पाठ फिरवल्यावर मी त्याला विचारले, माझ्या मागे गप्पूला सांभाळशील का. तो बाह्या सरसावून अॅक्रिलिकवरचे शेवाळ काढत होता.

“अहो, पण मी तुमचा कोण?”

“कुणी नाहीस.”

“मग लोक काय म्हणतील?”

“लोकांनाच विचारलं आधी. ते नाही म्हणाले.”

तो हसला नाही. हात पुसत म्हणाला, “दारू सोडून तीन वर्षं झालीत. चौथं कसं जाईल, सांगता येत नाही. हेही लिहा.”

लिहिले. तो पुन्हा प्यायला लागल्यास त्याचा राहण्याचा हक्क संपेल, असे वाक्य मी आधी घातले होते. मग ध्यानात आले, हक्क संपला तर त्या रात्री गप्पू कुणापाशी? ते वाक्य मी खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. ते चुकून खोडलेले नाही, नाइलाजाने खोडले आहे.

तरी ठरवून देतो की गप्पू हयात असेतोवर हे घर कोणी विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये. पूर्वीच्या जावयाने गप्पूसह येथे राहावे. बँकेतली शिल्लक गप्पूचे खाणे, औषध आणि टाकी यांवरच खर्चावी. त्यावर डॉक्टरीणबाईंची देखरेख राहील. गप्पूच्या पश्चात घर मुलीचे.

कलम ७. मसुदा तयार झाल्यावर मी मुलीला बोलावले. तिने उभ्याने वाचला. सहाव्या कलमाशी आली तशी बसली.

“ज्या माणसापासून मी सुटले, त्याच्याच हातात तुम्ही माझं माहेर देताय?”

“तू दुसरं नाव सांग. मी आत्ता खोडतो.”

नाव तिच्याकडेही नव्हते. “तो इथे असला तर मी कशी येऊ, बाबा? बेल वाजवून?”

खोकला आला, तो मी जरा लांबवला.

मसुद्याच्या शेवटी मी एक ओळ कोरी सोडली होती. जावयाला मधुमेह आहे. तो चव्वेचाळीस वर्षांचा, गप्पू छत्तीसचा. त्याच्या मागे कोण, हे मला कुणाला विचारवले नव्हते. विचारायला माणूसच उरला नव्हता. मुलीने त्या ओळीवर बोट ठेवले.

“इथे काय?”

“त्याच्यानंतर.”

“आणि कोरं ठेवलंत?”

“काय लिहू?”

ती उठली, कागद परत दिला, पर्स खांद्याला लावली. दारापर्यंत गेली. तिथून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “लिहा माझं नाव. त्याच्यानंतरच, आधी नाही. आणि मला राग आलाय, तेही लिहा. मी खुशीने लिहून दिलं असं उद्या कुणी म्हणायला नको.”

त्यानुसार लिहितो: पूर्वीच्या जावयाच्या पश्चात, किंवा तो सोडून गेल्यास, गप्पूला माझी मुलगी सांभाळील. तिला राग आहे. तो रास्त आहे. तो या मृत्युपत्राचा भाग धरावा आणि बाकीच्या कलमांइतकाच पाळावा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्या समोर सही केली. वाचताना दोनदा थांबावे लागले, ते श्वासामुळे.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: अॅक्रिलिकचे दुकानदार (सही)
साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
तारीख: नऊ फेब्रुवारी, सोमवार