शनिवारी सुट्टी असते का?

लास व्हेगास
मंगळवार, ७ ऑक्टोबर

प्रिय तोतो,

तू आणि मारिबेल मजेत असाल. तिचा खोकला गेला का? आलं ठेचून मधातून दे म्हणावं, नुसत्या गोळ्या चघळत बसू नये. मी बरी आहे. पाय दुखतात, पण दिवसभर उभं राहण्याचा पगार घेते म्हटल्यावर तक्रार कुणाकडे करणार?

फोनवरच सांगितलं असतं. पण तू फोन स्पीकरवर लावतोस आणि शेजारी कुणी ना कुणी बसलेलं असतं, म्हणून पत्र. कामावरच्या कॅन्टीनमध्ये बसून लिहितेय. मधल्या सुट्टीत जमेल तेवढं लिहायचं, पुन्हा वर कॅसिनोत जाऊन पत्ते वाटायचे, पुन्हा खाली यायचं. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पहिली, इथं आल्यावर कुणाला किती टिप द्यायची आणि कसं वागायचं, म्हणजे सासू-सासऱ्यांसमोर बावळट दिसायला नको. दुसरीचं नंतर बघू.

तर ऐक. गाडी लावणाऱ्याला किल्ली देताना नाही, गाडी परत आणून देतो तेव्हा पैसे द्यायचे. बॅगा वर आणणाऱ्याला नगामागे दोन डॉलर दे, आणि देताना इकडेतिकडे बघू नकोस, तू काही चोरी करत नाहीस. खोली आवरणारीसाठी रोज सकाळी उशीवर ठेवून जा. शेवटच्या दिवशी एकदम ठेवलेस की भलतीलाच मिळतात. तुमचे ओले टॉवेल जिने उचलले तिची नेमकी त्या दिवशी रजा असते. आणि जुगाराच्या टेबलावर पेय फुकट मिळतं म्हणून आणणारीला रिकाम्या हाती परत पाठवायचं नाही. ग्लासामागे एक-दोन डॉलर ट्रेमध्ये ठेवायचे. तिला चुटकी वाजवून बोलवायचं तर मुळीच नाही. तुझ्या सासऱ्यांना ती सवय आहे. त्यांना सांगायला जमेल का तुला?

उठावं लागलं होतं. आत्ता परत आले.

हो, तिच्या वडिलांची ही सवय मला कशी माहीत, असं मारिबेल विचारेल. तिला हे पत्र दाखवणार असशील तर ती ओळ खोडून टाक. दाखवणार नाहीसच म्हणा.

अल्माझ समोर येऊन बसलीय. माझी इथली मैत्रीण, इथिओपियाची, शेजारच्या टेबलावर पत्ते वाटते. मघाशी विचारत होती, "काय गं, प्रेमपत्र लिहितेस का या वयात?"

"भावाला लिहितेय. टिप कुणाला किती द्यायची ते."

"मग एवढी खाडाखोड कशाला? आणि तो पाय हलवणं थांबव आधी, टेबल थरथरतंय सगळं."

पाय थांबत नाही. काल घरीही असंच. भात लावला, विसरले, करपला. चार ओळी लिहायच्या आणि उठून खिडकीशी जायचं, असं चाललंय. तेव्हा आता लिहूनच टाकते.

तुझा दुसरा प्रश्न होता, "शनिवारी तुझी सुट्टी असते का?"

गेल्या वर्षीही तू हेच विचारलं होतंस. तेव्हा सुट्टी होती. मला वाटलं, भावाला भेटायचंय. मी शेवयांचा पानसित केला, पडदे धुतले. मग दुपारी एक मुलगी आजारी पडली आणि मला कामावर बोलावलं. मी टेबलाशी गेले, आधीच्या मुलीच्या खांद्याला हात लावला, ती बाजूला झाली, मी पुढे झाले आणि मान वर केली. समोर तू. तुझ्या शेजारी सासरे.

आमचा नियम तुला ठाऊक आहे. नात्यातलं माणूस टेबलावर असेल तर पत्ता वाटायच्या आधी सांगायचं, म्हणजे आम्हाला तिथून हलवतात. लपवलं आणि कळलं, तर नोकरी जाते, आणि मग या शहरात दुसरीकडेही कुणी उभं करत नाही. नवी होते तेव्हा मीच तुला हे हसत हसत सांगितलं होतं. तरी त्या दिवशी मी गप्प राहिले. तू "मनांग", ताई, म्हणून हाक मारशील, निदान वर बघशील, असं वाटत होतं. तू तुझ्या पत्त्यांकडे बघत बसलास. मग मी पत्ते वाटले.

तुझे सासरे म्हणाले, "हात काय चालतो हो या बाईंचा! कुठल्या तुम्ही?"

"फिलिपिन्समधल्या इलोइलोची."

"अरे रेनाटो, या तर तुझ्या गावच्या निघाल्या!"

आणि तू म्हणालास, "गाव मोठं आहे, पापा."

असेल मोठं. पण त्या मोठ्या गावात तू रेनाटो नाही, तोतो होतास आणि तुझ्या डोक्यातल्या उवा मीच काढल्यात.

उठताना तू माझ्यापुढे पंचवीस डॉलरची हिरवी चकती सरकवलीस. "तुमच्यासाठी, मॅडम." मी ती नियमाप्रमाणे टेबलावर ठोकून दाखवली, पेटीत टाकली आणि म्हणाले, "थँक यू, सर." आमच्या सगळ्यांच्या टिपा एकत्र होतात आणि सगळ्यांत वाटल्या जातात. तुझ्या चकतीतले काही सेंट माझ्या वाट्याला आले असतील. बाकीचे इतरांनी खाल्ले ते बरंच झालं.

मला टिपेचा राग नाही. टिप द्यावी, वर पानभर तेच लिहिलंय. राग याचा आहे की ती देताना तुझा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसला. मी त्या रात्री घरी जाऊन पानसितचं पातेलं तसंच उचलून शेजारणीला देऊन आले. रडले नाही. आता लिहिताना रडतेय आणि अल्माझ कागदी रुमाल आणायला गेलीय.

मी हिशेबखात्यात आहे असं तू त्यांना सांगितलंयस. ते लोक धार्मिक आहेत, जुगाराच्या टेबलाशी उभी राहणारी लेकीची नणंद त्यांना चालली नसती, हे मला कळतं. गंमत म्हणजे त्या टेबलावर बसून खेळणारा बाप मात्र चालतो.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, पुढच्या शनिवारी माझी सुट्टी नाही. अल्माझ माझी पाळी घ्यायला तयार होती. मीच नको म्हणाले.

आणि आज सकाळी कर्टिसला, आमच्या सुपरवायझरला, सांगून टाकलं. "पुढच्या शनिवारी माझा भाऊ इथं येतोय. मी असेन त्या टेबलावर बसला, तर मला हलव."

"बरं झालं आधी सांगितलंस. ओळखू कसा?"

"माझंच नाक आहे त्याला."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "मग चुकायचा नाही," म्हणाला.

तेव्हा या खेपेला तू गप्प बसून भागणार नाही. कर्टिस येईल आणि सगळ्यांदेखत विचारेल, "तुम्ही पर्लाचे भाऊ ना?" तो हळू बोलणारा माणूस नाही. अजून वेळ आहे. त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्यांनी तुझ्या तोंडून ऐकावं. नाहीतर दुसऱ्या हॉटेलात उतर, या शहरात हॉटेलं काय कमी आहेत? मला वाईट वाटेल, पण तुझ्या मनात काय आहे ते कळेल तरी. वर्षभर न कळता काढलंय मी.

पत्ते वाटणाऱ्यांशी कसं वागायचं ते सांगायचं राहिलं. आम्ही टेबलाशी असताना गिऱ्हाइकाच्या हातातून काही घेत नाही. हातही मिळवत नाही. द्यायचं ते टेबलावर ठेवायचं. टेबल सोडताना आम्ही टाळी वाजवतो आणि दोन्ही तळवे उलटसुलट करून वर दाखवतो, की बघा, काही घेऊन जात नाही. मी बाजूला होऊन ते करेन. ते झालं की मी कुणाची नोकर नाही, तुझी थोरली बहीण आहे. मी वळसा घालून तुझ्या खुर्चीपाशी येईन आणि हात पुढे करेन. आपल्याकडे थोरल्यांचा हात कपाळाला लावतात, तसा लावावासा वाटला तर लाव. नाही वाटलं तर राहू दे, मी मागे घेईन.

पण त्या हातावर पैसे ठेवू नकोस.

वाट बघणारी,
तुझी मनांग