आईचा तुटका दात

बाबा, भिंतीवरची ती बाई कोण आहे, एवढं सांगा आधी. गोरीपान, गळ्यात चार पदरी सोनं, ओठ मिटलेले. तीस वर्षं झाली तिला हार घालून राहिले मी, आणि ती माझी आई न्हाई.

माझी माय काळी होती. नाकावर देवीचे वण होते, पुढचा एक दात हापशाच्या दांड्यानं तुटलेला. हसली की पदर तोंडावर जायचा. सोनं म्हणाल तर काळ्या पोतीतले दोन मणी. तुमी सेनगावात दुकान टाकून अख्ख्या तालुक्याच्या मेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून रंगवायचे, आणि गिऱ्हाईक उंबऱ्यावर आलं की पहिला सवाल एकच, "किती गोरं करू?" सुधारून देतो म्हणायचे. काय सुधारायचे हो? जलमभर उन्हात राबलेलं माणूस मेल्यावर सुधारतं काय?

आईचं तेरावं होऊन दोनच दिवस झालेत. तुमी तिच्याच चुलीसमोर बसून तिचं चित्र काढताय. मी अकरा वर्षांची. मावशीच्या लग्नात कुणीतरी पदर सावरायच्या आत टिपलेला तिचा एकुलता एक फोटो तुमच्या मांडीवर आहे, त्याच्यावर मापासाठी पेन्सिलीनं चौकटी पाडल्यात. मी म्हणते, "बाबा, दात ऱ्हायला."

"मेल्यावर तरी तिला चांगलं दिसू दे की."

"पण ही आई न्हाई!"

"गप बैस. चार लोक येतील, त्यांना काय तुटका दात दाखवू?"

आणि काम झालं तसा तो फोटो, रेघोट्यांनी खराब झाला म्हणून, तुमी चुलीत सारला. माझ्या देखत!

आता मी शाळेत चित्रकला शिकवते. पोरींना सांगते, आजीच्या सुरकुत्या सगळ्या काढा, एक सोडू नका. माणूस मरणार आहे म्हणून तर तो जसा आहे तसा बघून घ्यायचा, बाबा. चित्र कशासाठी असतं मग? डोळे मिटले की मला आई दिसत न्हाई, तुमचं चित्र दिसतं. दात तुटका होता हे ठाऊक आहे, पण डावा का उजवा, ते गेलं. तुमी तिला दोनदा मारलं.

तुमाला जाऊन बारा वर्षं झाली. भावानं नवीन घर बांधलं, म्हणाला, "ताई, आईच्या शेजारी बाबा पायजेत. तूच काढ." दात-ओठ खाऊन बसले मी. ठरवलं, शेवटच्या वर्षी लकव्यानं वाकडं झालेलं तोंड, काळा रंग, सगळं बराबर काढायचं. चार दिवस लागले. काल भाऊ बघून म्हणाला, "बाबा जित्तेच वाटून राहिले गं," आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याचाही राग आला.

हे पत्र काही कुठं जायचं न्हाई, म्हणून सांगते. रंग काळाच ठेवलाय. तोंड मात्र सरळ काढलंय मी. कुणी सांगितलं नव्हतं.