बाबांचा कोम्बुचा

१ मार्च, शनिवार
जमलं! सकाळपासून माल्ट उकळत होते. आता सगळं ड्रममध्ये, आणि ड्रम नुकत्याच घेतलेल्या सेकंडहँड फ्रिजमध्ये. कंट्रोलर १९ अंशांवर, सेन्सर ड्रमला चिकटवलाय. मागच्या वेळी हा फ्रिज नव्हता, इथे यिशुनच्या बारमाही उकाड्यात बिअर अशी आंबली की नुसता नेलपॉलिशचा वास! या वेळी तसं नाही होऊ द्यायचं.

आणि उद्या बाबा येताहेत, नागपूरहून, माझ्याकडे परदेशी, महिनाभर. मोर्चा काढून वस्तीतलं दारूचं दुकान बंद पाडणारे बाबा. जन्मात थेंबाला शिवले नाहीत! धम्मदीपला म्हटलं, काय करू रे? "तुझे बाबा, तुझी बिअर. मी मधे नाही." कसला नवरा हा!

३ मार्च
काल आल्या आल्या बाबांनी फ्रिज उघडला! "हे काय बुडबुडतंय गं?"

तोंडातून निघून गेलं – कोम्बुचा.

"म्हणजे?" चहा आंबवतात, बाबा. पोटाला चांगला. झालं! पोटाला चांगला म्हटल्यावर माणूस स्टूल टाकून तिथेच बसला.

६ मार्च
वन-नॉर्थला ऑफिसात मीटिंगमध्ये होते. बाबांचा मेसेज – "२२". थोड्या वेळाने – "२१". कंट्रोलरवरचे अंश! मला हसू आवरेना.

घरी येऊन समजावलं – सारखं दार उघडलं की आत गरम होतं, यीस्ट बिथरतं, चव बिघडते. "मग आधी नाही का सांगायचं!" आता दारावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी आहे – उघडू नये. खाली बाकावर बसणाऱ्या चिनी अंकलनाही सांगून आले, मुलगी कोम्बुचा करते म्हणून. अंकल इथल्या लकबीत म्हणे, "वा, हेल्दी लाह!"

आई गेल्यापासून बाबांना असं कशात रमलेलं पाहिलं नव्हतं. इतकं बरं वाटलं! आणि लाजही वाटली. हे कुणामुळे रमलेत? माझ्या थापेमुळे.

१२ मार्च
बुडबुडे थांबले. बाबा अंघोळीला गेले तेव्हा चव घेतली. स्वच्छ! किंचित संत्र्याच्या सालीसारखी. माझी आजवरची सगळ्यात चांगली. कंट्रोलर खाली आणला, गाळ बसू दे.

१५ मार्च, शनिवार
केग भरला, म्हणजे ते नळवालं स्टीलचं पिंप. नळी कोणी धरली? बाबांनी! केग त्याच फ्रिजमध्ये, ४ अंशांवर. गरम झाला तर ग्लासात नुसता फेस येतो, हे मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी मान डोलावली. नळ कसा उघडायचा तेही विचारून घेतलं.

"मग मला कधी देतेस?"

अजून मुरायचंय, म्हटलं. खोट्यावर खोटं! दारूला न शिवण्याचं, आयुष्यभर पाळलेलं शील त्यांचं, आणि ते मी मोडायला लावणार? बापाला फसवून दारू पाजणारी पोरगी! छे. त्यांनी प्यायच्या आत सांगायलाच हवं.

१८ मार्च
नाही सांगितलं.

२० मार्च
आज नक्की सांगणार होते. पण बाबा इतके खुशीत! "इथली हवा मानवली गं मला. दुपारी काय झोप लागते! पोटही बरं आहे." मग कसलं सांगतेय.

धम्मदीप म्हणाला, "जितकं लांबवशील तितकं जड जाईल." कळतं मला. मधे नाही म्हणाला होता ना? मग आता कशाला येतोस!

२२ मार्च, शनिवार
सांगितलं. एका दमात – बाबा, तो कोम्बुचा नाही. बिअर आहे. मी करते, मी पिते. तुमच्याशी खोटं बोलले.

बाबांनी फ्रिजकडे पाहिलं. मग अगदी हळू – "मंगळवारपासून रोज दुपारी अर्धा ग्लास घेतोय मी, ते?"

मला रडूच कोसळलं. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. न जेवता खोलीत गेले, दार लावून घेतलं.

२३ मार्च, रविवार
सकाळी बाबांनी वंदनेसाठी मेणबत्त्या लावल्या, मला हाक मारली. त्यांच्या शेजारी बसले. मान वर होईना.

"अशी काहून बसलीस? शील मोडलं तर परत घ्यायचं असतं. रोज सकाळी पंचशील घेतो ते मग कशासाठी?" मग म्हणाले, "खोटं बोलणार नाही, हे चौथं तू म्हण. दारूचं पाचवं मी म्हणतो."