आशुतोष सेटल झाला की

करंजाडे, मंगळवार

ती. जयमालाताईस,

वामनचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली तो कागदावरच जमतो.) तुझा खोकला कसा आहे? काढा पितेस की नुसता उकळून झाकून ठेवतेस? यंदा नारळ किती उतरले तेही कळव. मी मजेत आहे. म्हणजे शुगर, दात आणि डोकं सोडून बाकी सगळं मजेत.

परवा फोनवर तू विचारलंस, आशुतोषचं लग्न तुझ्या तोंडामुळे मोडलं म्हणे? तेव्हा मी हो म्हणून फोन ठेवला, कारण चिरंजीव शेजारच्या खोलीत होते आणि या नव्या बिल्डिंगच्या भिंती पापडाच्या आहेत. म्हणून हे पत्र. ताई, या सगळ्याच्या मुळाशी एक इंग्रजी क्रियापद आहे. सेटल होणे. आपल्या लहानपणी ते नव्हतं बघ. माणूस नोकरीला लागायचा, त्याचं लग्न व्हायचं, मग त्याला टक्कल पडायचं, सगळं आपसूक. आपले दादा जन्मभर भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले, पण तुम्ही सेटल झालात का, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. आता लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यापर्यंत जाताना अनोळखी बाई मला विचारते, मुलगा सेटल आहे ना अंकल? जेवलात का, असं कुणी विचारत नाही.

गीतांजलीने हा शब्द आमच्या घरात आणला, ती गेली, शब्द राहिला. आशुतोष सेटल झाला की आपण देवरुखला, माझ्या माहेरी जाऊन राहू, असं ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तो बारावीत होता. मला वाटलं इंजिनिअर झाला की झालं. तर नाही, नोकरी लागू दे. रबाळ्याला लागली, तर म्हणे पर्मनंट होऊ दे. पर्मनंट झाला तर स्वतःचं घर. दर वेळी मी बॅग भरायला घ्यायचो आणि दर वेळी हे सेटल होणं दोन स्टेशनं पुढे सरकायचं. त्यात तिने एक डिनर सेट घेऊन ठेवला होता, निळ्या फुलांचा, बत्तीस नगांचा. सेटल झाल्यावर काढू, म्हणून तो नेरुळच्या जुन्या खोलीत माळ्यावर चढला. पाहुणे आले की आम्ही शेजारून ताटल्या मागून आणायचो. (हो, घरात बत्तीस नग असताना! माझ्या अकलेची कीव कर.) तीन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हाही खोका दोरी बांधलेला होता. इतका राग आला मला त्या खोक्याचा, की तेराव्याला फोडून टाकणार होतो. फोडला नाही. तोही आमच्याबरोबर इकडे आला.

चिडून एकदा मी शब्दकोश उघडला. स्थिर होणे, स्थायिक होणे, गाळ तळाशी बसणे, असे अर्थ दिले होते. शेवटचा वाचून कोश मिटला.

तर आता बघण्याचा कार्यक्रम. नेरुळची खोली विकून हा फ्लॅट घेतला, तेव्हा वाटलं आता तरी संपलं. वैष्णवी चांगली मुलगी आहे, चहा न फुंकता पिते, मोठ्यांदा हसते. दोघांचं जमलंही होतं. तिचे वडील मारोतराव फ्लॅटभर हिंडले, नळ सोडून बघितले, खिडकीची जाळी ओढून बघितली आणि मग सोफ्यावर बसून मला म्हणाले, "म्हणजे मुलगा आता पूर्ण सेटल, नाही का?" तुला माहीत आहे, मी बत्तीस वर्षं कंपनीत स्टोअरकीपर होतो. माल हातात आल्याशिवाय मिळाला म्हणून सही करायची नाही, हा माझा खाक्या. मी म्हणालो, "छे हो! अठरा वर्षं वाट बघतोय. नोकरी आली, घर आलं, पण काहीतरी पोचायचं बाकी आहे. काय ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही." मारोतरावांच्या हातातला पोह्यांचा चमचा हवेतच राहिला. आशुतोषने डोळे मिटले.

चार दिवसांनी लग्न मोडल्याचं आशुतोषनेच सांगितलं. कारण विचारलं तर उठून आत गेला. तेव्हापासून माझ्याशी चार शब्दांपलीकडे बोलत नाही. गोळी घेतली का? झोपा आता. एवढंच. छत्तीस वर्षांचा घोडा, माझ्यावर रुसतो! ज्याच्यापायी माझी बायको तिच्या माहेरच्या गावी जाऊन राहायची राहून गेली, तो मला तोंड दाखवत नाही. आपल्या सगळ्या गोतावळ्यात मी म्हातारपणी जिभेने माती खाल्ली असा बोभाटा झालाय. होऊ दे.

तब्येतीला जप. सर्वांना नमस्कार, लहान कुणी असतील तर आशीर्वाद.

तुझा,
वामन

ता. क. (गुरुवार, पत्र टाकायचं राहिलं) : माझ्या तोंडामुळे मोडलं हे खरं नाही. काल मारोतरावांनीच फोन केला. म्हणाले, "तुमच्या बोलण्याला आम्ही हसलो हो. आमची अट एवढीच होती, की वडिलांची सोय दुसरीकडे व्हावी, वन बीएचके आहे. पण तुमचा मुलगा ताडकन उठला. बाबा कुठेही जाणार नाहीत म्हणाला. पोरगी घरात रडतेय. तुम्हीच समजवा त्याला." पोचायचं काय बाकी होतं ते शेवटी कळलं, ताई. यायचं नव्हतं, जायचं होतं.

ता. क. २ : तुझ्या मागच्या खोलीतले नारळ हलवता येतील का? आणि आशुतोषला एक फोन कर. म्हण, मला आता एकटीला झेपत नाही, वामनला पाठव. जरा खोकून सांग. माझ्या तोंडून निघालं तर तो मला दाराबाहेर पाऊल टाकू देणार नाही, गाढव आहे.

ता. क. ३ : डिनर सेट आणत नाही. आज दुपारी खोका सोडला, बत्तीसही नगांवरचे स्टिकर काढले आणि धुऊन ओट्यावर पालथे घातलेत.